पन्नासावी बाटली

उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या मामांइतके पावणे दुसऱ्या कुणाला नसतील, हे मी पैजेवर सांगते. इतरांचे पावणे जन्मानं होतात, नाहीतर लग्नानं. मामांचे पावणे बाटलीनं झाले. बाटली म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका. त्या दुसऱ्या बाटलीला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. त्यांची बाटली रक्ताची. ओ निगेटिव्ह हा त्यांचा रक्तगट, आणि तो त्यांनी किताबासारखा जन्मभर मिरवला. उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटंसं वर्कशॉप होतं. पाटीवर वरच्या ओळीत 'टर्निंग, शेपिंग, वेल्डिंग' आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, 'ओ निगेटिव्ह' असं रंगवलेलं होतं. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, हे कुठलं मशीन? मग मामा लेथ थांबवून स्वतःच्या छातीवर हात ठेवायचे आणि गिऱ्हाइकाचं काम अर्धा तास लांबायचं.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या जन्माच्या वेळी आईची तब्येत एकाएकी बिघडली. तिचाही गट तोच, दुर्मिळ. वडील दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेले असताना कुणीतरी सायकल पिटाळत गेलं आणि ह्या अनोळखी माणसाला लेथवरून उठवून घेऊन आलं. हाताचं ग्रीससुद्धा धड पुसलेलं नव्हतं म्हणे. बाटली देऊन ते गेले आणि तिसऱ्या दिवशी किलोभर गूळ घेऊन पुन्हा हजर. कॉटजवळ उभं राहून त्यांनी आईला विचारलं, "काय आक्का, कसं वाटालंय आमचं रक्त?" तेव्हापासून आई त्यांची बहीण झाली आणि मी भाची. आईला पाठचे-पुढचे धरून सख्खे भाऊ तीन, पण आमच्या घरात नुसतं 'मामा' म्हटलं की हेच.

रक्त देऊन विसरून जाणं हे त्यांच्या मते पोरगी देऊन विसरून जाण्याइतकं वाईट होतं. त्या काळी रक्त कुणासाठी दिलं हे माहीत असायचं. पेशंटचे नातेवाईकच शोधत यायचे, हातापाया पडायचे. मामा तिथंच पत्ता विचारून घ्यायचे आणि तिसऱ्या दिवशी गूळ घेऊन दारात. पुढं दर दोन-चार महिन्यांनी त्यांची एक चक्कर व्हायची, रक्त नीट नांदतंय की नाही हे बघायला. कुणी पूर्वीपेक्षा जास्त चिडायला लागलं, की "ते आमचं रक्त बोलालंय." कुणाला मटणाची गोडी लागली, कुणाचा पोरगा शाळेत कुस्ती जिंकला, कुणाची सून वरच्या आवाजात बोलायला लागली, सगळ्याचं श्रेय मामांच्या बाटलीला. मुरगूडला एक जैन आण्णा होते, पेढीवर बसणारे, अत्यंत मवाळ. त्यांच्या ऑपरेशनला मामांनी रक्त दिलं. पुढं कधीतरी आण्णांनी एका अडत्याला शिवी दिली, तेव्हा मामांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले. ह्या आण्णांकडं कांदा-बटाटा नाही आणि दिवस मावळल्यावर जेवण नाही. एरवी दोन्ही वेळा तांबडा रस्सा ओरपणारा हा माणूस मुरगूडला जायचं असलं की दुपारी तीनलाच स्कूटरला किक मारायचा, आणि सूर्य मावळायच्या आत आण्णांच्या पाटावर बसून गुपचूप बिनकांद्याची आमटी भुरकायचा. पावण्याचा नेम पाळायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

भाऊबीज हा एक दिवसाचा सण आहे, हे पंचांगवाल्यांचं मत. मामांची भाऊबीज तीन दिवस चालायची. कागल, हुपरी, मुरगूड, मधली गावं, जिथं जिथं त्यांचं रक्त एखाद्या बाईच्या अंगात होतं तिथं तिथं ते ओवाळून घ्यायला जायचे. पहिला मान आमच्या आईचा, सकाळी सातला. तिसऱ्या दिवशी परत यायचे तेव्हा कपाळावर कुंकवाचा थर आणि पोटात करंज्यांचा. मामी, म्हणजे त्यांची बायको, एवढंच म्हणायची की ह्यांनी एखादी बाटली घरात पण द्यायला पाहिजे होती, म्हणजे आमचीही आठवण राहिली असती.

वर्कशॉपच्या भिंतीवर एक जाड तार लोंबकळत होती, खाली आकडा वळवलेली. इतर वर्कशॉपांत अशा तारेला कामाचे कागद टोचलेले असतात. मामांच्या तारेला फक्त लग्नपत्रिका. ज्याला रक्त दिलं त्याच्या घरचं कार्य असलं की मामांना पत्रिका यायचीच, आणि मामा जाऊन, फेटा बांधून घेऊन, जेवून यायचे, मग पत्रिका तारेला. वही नाही, यादी नाही. कुणाला कितवी बाटली दिली ते त्यांना पत्रिकेच्या रंगावरून आठवायचं.

असं करत एकोणपन्नास बाटल्या झाल्या आणि पन्नासावीचा घाट तालमीनं घातला. मामा तरुणपणी त्या तालमीत कुस्ती घुमलेले होते. हलगी लावली, हार आणला, मामांना फेटा बांधून रक्तपेढीपर्यंत चालवत नेलं. मामांनी बाटली दिली, भाषण केलं, त्या भाषणात नसलेल्या आकड्यांची भर घातली आणि सगळ्यांना दूध पाजलं. चार दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला, जरा भेटून जा. मामांना वाटलं प्रमाणपत्र. गेले तर डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, हल्ली एक नवी तपासणी सुरू झालीय, कावीळ सी म्हणून. तुमच्या रक्तात ती सापडलीय. बाटली टाकून द्यावी लागली. ह्यापुढं रक्त देऊ नका. मामा तिथून निघाले ते थेट तालमीत गेले. फेटा आणि हार वस्तादांसमोर ठेवून म्हणाले, "कुस्ती बाद झाली. एकोनपन्नासच धरा." आणि मग आमच्याकडं आले, कारण मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि घराण्यात विषाणूंशी ओळख असलेली मी एकटीच.

ओळख म्हणजे काय, आमच्या पुस्तकात ह्या नव्या विषाणूला जेमतेम अर्धं पान दिलं होतं. तेवढ्यावर मी त्यांना समजावून सांगितलं. आधी डॉक्टरांना काविळीचे दोन विषाणू माहीत होते, ए आणि बी. त्यातला बी रक्तातून पसरतो म्हणून रक्त तपासून द्यायला लागले. तरी तपासलेलं रक्त घेतलेल्या काही माणसांची लिव्हर बिघडायचीच. ए पण नाही आणि बी पण नाही, मग आहे कोण? कित्येक वर्षं त्याला नाव नव्हतं, 'ए नव्हे, बी नव्हे' एवढंच म्हणायचे. शेवटी शास्त्रज्ञांनी त्याला पकडला तोही डोळ्यांनी न बघता. आजारी चिंपांझीच्या रक्तातून त्याचा एक तुकडा हाती लागला आणि त्यावरून सगळा ओळखला. मामा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे पैलवान कुस्ती मारून गेला आन् पंचांस्नी दिसलाच न्हाई."

ह्याहून चांगलं वाक्य आमच्या पुस्तकात नव्हतं. मी ते आजही वर्गात सांगते, मामांचं नाव न घेता.

त्यांचं म्हणणं होतं की आपण तर कधी पिवळे पडलो नाही. मी सांगितलं, हा तसाच आहे. वीस-वीस वर्षं लिव्हरमध्ये मुकाट बसून खातो, माणसाला पत्ता लागू देत नाही. तेवढ्यानं मामीचं समाधान होईना. तिनं त्यांना एका कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात बुडवून चोळले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली. मामा खुशीत थेट रक्तपेढीत जाऊन म्हणाले, आता घ्या. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. होती तिथंच होती.

मग एका रविवारी ते आमच्या पुढच्या सोप्यात बसून पोहे खात असताना त्यांनी विचारलं, हा रोग माझ्यात शिरला कुठून? मी म्हटलं, रक्तातून, नाहीतर सुईतून. हे शब्द मी अगदी सहज बोलले. मामांचा हात बशीवरच थांबला. हळूहळू त्यांनी सांगितलं. तालमीत दसऱ्याच्या कुस्त्यांच्या मैदानाआधी एक कंपाउंडर यायचा, पोरांना ताकदीचं इंजेक्शन टोचायला. काचेची सिरिंज एक, सुई एक आणि पैलवान पंधरा. मध्ये मध्ये चहाच्या किटलीतल्या कोमट पाण्यात ती खळबळून घ्यायचा. मामा त्या सगळ्यांत थोरले, म्हणून मान राखायला धाकट्यांना पुढं सोडायचे आणि स्वतः शेवटी दंड पुढं करायचे. चौदा जणांनंतरची सुई. मी विचारलं, हे कोणत्या वर्षी? त्यांनी बोटं मोजून हिशेब केला. बोटांवरून नजर उचलून माझ्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराकडं, जिथं आई त्यांच्यासाठी दुसरा घाणा परतत होती.

"तुझ्या जन्माच्या आदल्या साली," ते म्हणाले. पोहे तसेच टाकून उठले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

आईला तपासायला नेलं. तिच्याही रक्तात तेच निघालं. तब्येत ठणठणीत होती, पण निघालं. मला तपासलं, माझ्यात नव्हतं. ही बातमी मामांपर्यंत पोचली आणि त्यांनी आमच्या घरी येणं सोडलं. आमच्याच नाही, कुणाच्याच घरी जाईनात. हुपरीहून पत्रिका आली तर आलेली तशीच पडून. वर्कशॉपच्या पाटीवरची खालची ओळ त्यांनी स्वतः काळा रंग फासून झाकून टाकली. मामी सांगायची की जेवणाचं ताट-वाटी वेगळं करून घेतलंय, नातवाला मांडीवर घेत नाहीत. मी दोनदा जाऊन सांगितलं की हा रोग हात लावल्यानं, उष्ट्यानं पसरत नाही. ऐकून घेतलं आणि ताट वेगळं ते वेगळंच ठेवलं. जिथं जिथं आपण ताठ मानेनं गूळ घेऊन गेलो, तिथं तिथं आपण काय देऊन आलो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

भाऊबीज आली. आईनं नेहमीसारखा सकाळी सातला पाट मांडला, निरांजन लावलं आणि दाराकडं तोंड करून बसली. नऊ वाजले, अकरा वाजले. तिनं निरांजन मालवलं, ताटावर रुमाल झाकला आणि मला मोपेड काढायला सांगितली. दिवाळीचं सगळं उद्यमनगर बंद होतं. एकाच शटरखालून लेथचा आवाज येत होता. आई वाकून आत गेली, मागून मी. मामा पाठमोरे, विनाकारण एक लोखंडी सळी तासत उभे होते. आईनं मशीन बंद करायला सांगितलं. त्यांनी बंद केलं, पण वळले नाहीत.

"आक्का, हितं कशाला आलासा? माझ्यामुळं तुमच्या अंगात इख गेलं."

आई मुळात कमी बोलणारी. ती त्या दिवशी बोलली. "गेलं, व्हय. पर त्येच बाटलीतनं वीस वर्सं बी आली की, दादा. ह्या पोरीला मी चालाय शिकवली, शाळंत घाटली, आज ती कॉलेजात जात्या. ती वीस वर्सं कुणी दिली मला? त्येचं काय न्हाई व्हय?"

तिनं ताट लेथच्या बेडवर ठेवलं, लोखंडाच्या किसात. तिथंच निरांजन लावलं आणि त्यांना ओवाळलं. करंजी मोडून त्यांच्या तोंडापुढं धरली. त्यांनी मान हलवली, ती धरूनच राहिली. शेवटी त्यांनी अर्धी खाल्ली. उरलेली उष्टी अर्धी आईनं त्यांच्यादेखत आपल्या तोंडात टाकली आणि म्हणाली की पोरीला शिकवलंय ते उगीच नाही. मामा स्टुलावर बसून ढसाढसा रडले. मीही रडले, त्यात लाजायचं काय. आईनं मात्र रुमालाची घडी घातली आणि विचारलं, "तुमी असं लपून बसल्यावर बाकीच्यांस्नी कोन सांगनार?"

मामांनी तारेकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती तार भिंतीवरून उतरली आणि स्कूटरच्या हुकाला लागली. मागं मी, पुरावा म्हणून. जिथं जिथं बाटली गेली होती त्या प्रत्येक घरी आम्ही गेलो. काही जण केव्हाच वारले होते, काहींना तालमीतल्या सुईच्या आधीचं रक्त मिळालेलं, ते सुटले. उरले तेवीस. रक्त घेतलेल्या माणसांना शोधायला एरवी कितीतरी दप्तरं धुंडाळावी लागतात, आणि बरीच कधी सापडतही नाहीत. मामांना तेवीसच्या तेवीस घरांचा उंबरा, कुत्र्याचं नाव आणि सुनेचं माहेर ठाऊक होतं. ज्या सवयीला आम्ही सगळे हसलो होतो, तिनंच ती माणसं हाती लागली. सगळीकडं ओवाळणी मिळाली असं नाही. एका घरानं तोंडावर दार लावलं. मामा बाहेरच्या कट्ट्यावर तासभर बसून राहिले, मग चिठ्ठी लिहून दारातून आत सरकवली. हुपरीला पैंजणं करणारी एक आक्का होती, ती मात्र डाग द्यायचं, म्हणजे चांदीचे सांधे जोडायचं काम न थांबवता सगळं ऐकत राहिली आणि म्हणाली, "चांदीत हीण आलं म्हनून आमी चांदी टाकत न्हाई, मामा. ह्येला काय औशद हाय ते सांग." ते तिनं मला विचारलं होतं. तेव्हाचं औषध म्हणजे आठवड्याचं इंजेक्शन, महिनोन्‌महिने, ताप आणि अंगदुखी, महाग, आणि इतकं करून गुण येईलच असं नाही. मी तिला खरं ते सांगितलं. पण निदान झाल्यामुळं सगळे डॉक्टरांच्या नजरेखाली आले, एवढं झालं.

पुढं बऱ्याच वर्षांनी गोळ्या निघाल्या. रोज घ्यायच्या, बारा आठवडे, आणि विषाणू समूळ जातो. ज्याला नावसुद्धा नव्हतं त्याला माणसानं आपल्या डोळ्यांदेखत हरवलं, ह्याचं मला आजही नवल वाटतं. मामा तर पुन्हा तरुण झाले. स्कूटरवर गूळ चढला. घरोघरी जाऊन, गोळी गिळली की नाही हे जीभ बाहेर काढायला लावून बघायचे. आण्णांना मावळतीच्या आत गोळी घ्यायला लावली, वास्तविक गोळीला तसला नेम नव्हता. ज्याचा शेवटचा रिपोर्ट साफ आला त्याची झेरॉक्स पत्रिकेशेजारी तारेला. आईची लागली तेव्हा मामांनी पाटीवरची काळी ओळ खरवडून काढली. खालची अक्षरं अर्धवट दिसायला लागली.

आणि स्वतःची गोळी? ती ते घेईनात. मी ओरडले, डॉक्टर ओरडले, मामीनं अबोला धरला. त्यांचं उत्तर ठरलेलं, "पंगतीत यजमान आधी जेवतो व्हय?" कागलचे एक विसराळू मास्तर तेविसावे. त्यांचा कोर्स दोनदा मोडला, तिसऱ्यांदा पुरा झाला, आणि त्यात दोन वर्षं गेली. सुईच्या रांगेत शेवटी उभा राहणारा माणूस गोळीच्याही रांगेत शेवटीच उभा राहिला. त्यांनी गोळ्या घेतल्या तेव्हा विषाणू गेला, पण लिव्हर तोवर दगड झाली होती. रिपोर्ट साफ आला त्या दिवशी ते डॉक्टरांना म्हणाले, "आता पन्नासावी दिऊ काय?" डॉक्टर बराच वेळ कागद चाळत राहिले. पुढच्या दिवाळीपर्यंत मामा राहिले नाहीत. त्यांच्या दिवसकार्याला इतके पावणे आले की गल्लीत चपलांना जागा उरली नाही. त्या वर्षी भाऊबिजेला आईनं कुणालाच ओवाळलं नाही.

वर्षश्राद्धाला तालमीनं रक्तदान शिबिर ठेवलं. मी आजवर कधी रक्त दिलं नव्हतं; कॉलेजात वजन भरायचं नाही, पुढं भीती बसली ती बसलीच. मामा चिडवायचे की भाचीच्या अंगात रक्तच नाही, नुसतं पुस्तक भरलंय. त्या दिवशी गेले. गट माझाही तोच आहे. फॉर्मवर विचारलं होतं, यापूर्वी किती वेळा रक्त दिलं? मी एकोणपन्नास लिहिलं. टेबलावरच्या मुलीनं माझ्याकडं बघून कार्ड मागितलं. कार्ड नाही म्हटल्यावर तिनं आकडा खोडून शून्य केलं. ती तिच्या जागी बरोबर होती.

चार दिवसांनी मी फोन केला. बाटली बाद झाली नव्हती, कुणाला तरी दिलीसुद्धा होती. कुणाला, असं विचारलं तर हल्ली सांगत नाहीत म्हणाले. मी आणलेला किलोभर गूळ अजून स्वयंपाकघरात तसाच आहे, कागदात. आई तो डब्यात भरू देत नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणते. "पावणं हाईत की कुठंतरी."